हळदीची कॅसेट

मुकुंदवाडी, औरंगाबाद
७ फेब्रुवारी २०१०

आदरणीय आत्या,
सप्रेम जयभीम.

संक्रांत गेली तरी तुझी एक ओळ नाही. शिवणयंत्रावर बसलीस की तुला दुनिया दिसत नाही, ते ठाऊक आहे. मी दिलेला मोबाईल तू पिठाच्या डब्यात ठेवलास असं कळलं. मेसेज तरी वाचत जा म्हणून दिला होता. असो, पत्र तर पत्र.

गेल्या रविवारी करुणा कपाट आवरत होती, तर माझ्या लग्नाची कॅसेट निघाली. चौदा वर्षांत कुणी लावली नाही. कॅसेटच्या काचेतून बघितलं तर फितीवर पांढरी बुरशी. आत्या, आईचा आवाज आपल्याकडं दुसरा कुठंच नाही. हळदीची गाणी म्हणायला तिला लोक वैजापूरपर्यंत न्यायचे, आणि आपल्या घरात तिची एक ओळ धरून ठेवलेली नाही. दीपमाला परवा फुलंब्रीहून आली होती. ती म्हणाली, दादा, मला आईचा चेहरा आठवतो, आवाज आठवत नाही. ती एवढं बोलली आणि मी ठरवून टाकलं.

मग पैठण गेटला तीन दुकानं पालथी घातली. डीव्हीडी रेकॉर्डर म्हणून मशीन येतं. कॅसेटमधलं चित्र आणि आवाज डिस्कवर उतरवून घेतं. दुकानदार म्हणाला, "अब ये कौन लेता भाई, कॅसेट छोड़के जाओ, कंप्यूटरपे करके देता." मी कॅसेट सोडून जातोय होय! एक नुसता रेकॉर्डर होता, पण त्याला व्हीसीआर वेगळा जोडायचा आणि आपला व्हीसीआर कधीच भंगारात गेला. एक भारीतला होता, त्याच्या पोटात साठवायची सोय. तो आपल्या ऐपतीबाहेरचा. शेवटी सिटी चौकाकडं एकाकडं दुबईहून आलेला जुना मिळाला. त्याला दोन तोंडं आहेत, एक कॅसेटचं आणि एक डिस्कचं. कंपनीत मी दिवसभर वायरिंगच करतो, तरी त्याचं इंग्रजी पुस्तक वाचताना घाम फुटला.

२ मेला आईचा स्मृतिदिन. यंदा सगळ्यांना बोलावून टीव्हीवर आईचं गाणं लावणार. तू आलीच पाहिजेस. आई गेल्यापासून तू या घराची पायरी चढली नाहीस.

एक सांगू? कॅसेटमध्ये आई हसतेय, मला आठवतं. म्हणजे तेव्हा तिला काहीच माहीत नव्हतं. आजार लग्नानंतरच्या जानेवारीत कळला तो आपल्या सगळ्यांबरोबर तिलाही. निदान माझं लग्न तिनं सुखात बघितलं. मला कधी लई आठवण आली की मी एवढंच धरून बसतो.

तुझा,
धम्मपाल

⁂

लासूर स्टेशन
२० फेब्रुवारी २०१०

चि. धम्मा,
जयभीम व आशीर्वाद.

बहिऱ्या बाईला फोन घेऊन देणारा तूच पहिला. लोकं हसतात. पिठाच्या डब्यात तरी तो ऊबदार राहतो.

मशीन घेतलंस ते घेतलंस, आता त्याच्यावर पोरांना कार्टून दाखव. बुरशी लागलेली चीज घरात ठेवू नये, पोरांच्या छातीत जाती. कॅसेट देऊन टाक भंगारवाल्याला. गेलेल्या माणसाला टीव्हीवर कशाला बसवायचं? मालन आपल्या मनात हाय, तेवढं पुरं.

इकडं लग्नसराईची ब्लाउजं येऊन पडली. रोज सहा-सात होतात. मे महिन्यात माझ्याच्यानं यायचं जमायचं नाय. रागावू नको. करुणाला सांग, तिच्या मापाचा कागद माझ्याकडं हाय. एखादा पीस पाठव, शिवून देते.

तुझी आत्या,
रत्नमाला

⁂

मुकुंदवाडी, औरंगाबाद
१४ मार्च २०१०

आदरणीय आत्या,
जयभीम.

भंगारवाल्याला दे म्हणतेस! तुझं पत्र वाचून करुणा म्हणाली, आत्यांना काहीतरी लागलंय. दीपमाला म्हणते, लग्नात तुला मानाची साडी हलकी दिली म्हणून तू रुसलीस. तसं असेल तर माझे कान धर, पण आईवर राग काढू नको.

आता माझी फजिती ऐक. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात, घाई चालत नाही. पहिल्या दिवशी अडीच तास झाले आणि लोडशेडिंग. सगळं पुसलं. दुसऱ्या दिवशी वेळापत्रक बघून पहाटेच बसलो आणि काम झालं. बुरशीनं मधे मधे पांढऱ्या रेघा आल्या, पण हळद स्वच्छ आहे. आई मांडवात बसलीय. कॅमेरा तिच्यावर येतो, तिचे ओठ हलायला लागतात, आणि आवाज येतो सिनेमाच्या गाण्याचा.

आत्या, त्या गोकुळ शूटिंगवाल्यानं सगळ्या लग्नावर सिनेमाची गाणी चढवून ठेवलीत! तेव्हा तीच फॅशन होती. आम्हीच त्याला म्हणालो असू, चांगली गाणी टाक. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय. मी लासूरला येऊन त्याला भेटलोसुद्धा. तुझ्याकडं आलो नाही कारण मनच लागेना. तो आता मोबाईलचे कव्हर विकतो. म्हणाला, मूळ आवाजाच्या मास्टर कॅसेटवर पुढच्या लग्नाचं शूटिंग घ्यायचो, सगळ्यांचंच तसं केलंय. बिचारा कसनुसा झाला.

सात वेळा बघितलं. अर्धं मिनिट आई गातेय आणि मला ऐकू येत नाही. जीव नुसता तडफडतो.

आता तुझ्याशिवाय कुणी नाही. तू रस्त्यापलीकडच्या माणसाचे ओठ वाचतेस. तुझे कान टायफॉइडमध्ये गेले तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. तू मला समोर बसवून अक्षरं म्हणायला लावायचीस, आठवतं? ते फेड आता. सोबत डिस्क पाठवतोय. शेजारच्या सोनियाकडं प्लेअर आहे म्हणाली होतीस. आई काय गातेय तेवढं लिहून पाठव. दीपमाला चाल लावून म्हणेल. २ मेला आईचा आवाज नाही तर नाही, शब्द तरी घरात घुमतील.

धम्मपाल

⁂

लासूर स्टेशन
२५ मार्च २०१०

चि. धम्मा,
जयभीम.

तुझी तबकडी सोनियाकडं लावली. प्लेअर घरघर करतो आणि बाहेर फेकतो. दोनदा लावली, तिच्या नवऱ्यानं फुंकर मारून लावली. लागत नाय. नशिबात नाय असं समज आणि सोड.

साडीचं म्हणशील तर त्या साडीच्या मी दोन गोधड्या केल्या, आजून अंगावर घेते. असल्या गोष्टीवर रुसायला मी काय नवी नवरी हाय का? दीपाचं डोकं फिरलंय.

तू मालनच्या आवाजाचं लिहिलंस म्हणून सांगते. मला ऐकू येत होतं तवाचा तिचा आवाज माझ्या डोक्यात हाय. जात्यावर बसली की पहिली ओळ ती नाकात म्हणायची, दुसरीला गळा सोडायची. कान गेले आणि बाकी सगळ्यांचे आवाज हळूहळू पुसले. माझ्या आईचा पण गेला. मालनचा ऱ्हायला. त्याचं कारण मला ठाऊक नाय.

बहिरी झाले तवा घरातली माणसं माझ्याशी ओरडून बोलायची, जसं काय ओरडल्यानं मला ऐकू येणार. तुझी आई एकटी आवाजच काढायची नाय. नुसते ओठ हलवायची. म्हणायची, वन्सं, तुमच्याशी बोलायला घसा कशाला झिजवू? भर पंगतीत बसून आम्ही कुणाकुणाची मापं काढायचो, शेजारच्या बाईला पत्ता नसायचा. तुझा बाप कडुबा लई चिडायचा.

तर असं. तबकडी परत पाठवू का ठेवू?

आत्या

⁂

मुकुंदवाडी, औरंगाबाद
४ एप्रिल २०१०

आदरणीय आत्या,
जयभीम.

डिस्क खराब नव्हती, मी अर्धवट होतो. पुस्तकाचं चौतिसावं पान वाचलंच नव्हतं. रेकॉर्डिंग झालं की डिस्क 'फायनलाइज' करावी लागते, म्हणजे मशीनला सांगायचं की झालं, आता यात काही भरायचं नाही. ते केल्याशिवाय ती ज्या मशीनवर भरली तिथंच दिसते, दुसऱ्याच्या घरी लागत नाही. माझ्या घरी छान लागत होती म्हणून मी बेफिकीर.

आता नवी केली. पहिल्यांदा सगळं लग्न एकाच डिस्कवर कोंबलं होतं, त्यात चेहरे पिठूळ दिसत होते. या खेपेला फक्त हळद घेतली, सगळ्यात चांगल्या प्रतीत, एका डिस्कवर एकच तास. आईच्या ओठाच्या कोपऱ्यातला तीळसुद्धा दिसतो. तुझ्यासाठीच केलंय हे. रजिस्टर पोस्टानं पाठवतोय. चोवीस मिनिटं झाली की आई येते.

आत्या, स्मृतिदिनाला चार आठवडे राहिले. मी सगळ्यांना सांगून बसलोय. तुझ्या उत्तराची वाट बघतो.

धम्मपाल

⁂

लासूर स्टेशन
१२ एप्रिल २०१०

चि. धम्मा,
जयभीम.

लागली. बघितली. मालन गाते ते असं हाय :

हळद लाविते गं बाई, माझ्या धम्माच्या गाला
निळ्या आभाळाखाली सोन्याचा दिस आला

एवढंच. पुढं कॅमेरा हलतो. दीपाला दे. आता झालं ना तुझ्या मनासारखं? मशीन झाकून ठेव, धूळ बसती.

आत्या

⁂

मुकुंदवाडी, औरंगाबाद
१९ एप्रिल २०१०

आदरणीय आत्या,
जयभीम.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी रडलो, तुला कशाला लपवू. दीपमालाला फोन केला, तिनं फोनवरच चाल लावली. करुणानं दोन ओळी वहीत लिहून घेतल्या.

मग मला वाटलं, चाल आईच्या ओठांशी जुळवून बघू. मशीनला थांबवायचं बटण आहे, चित्र एकेक पाऊल पुढं नेता येतं. ओळ म्हणत गेलो आणि बटण दाबत गेलो.

आत्या, मला अक्षरं तूच शिकवलीस. प, फ, ब, भ, म आलं की ओठ मिटतात, मग बोलणारा कुणीही असो. 'बाई, माझ्या' म्हणताना दोनदा मिटायला हवेत. तिथं आईचे ओठ उघडे आहेत. आणि आणखी पुढं एका जागी तिचे ओठ घट्ट मिटतात, लागोपाठ दोनदा, तिथं तुझ्या ओळीत मिटणारं अक्षरच नाही. मी पंधरा वेळा बघितलं.

दुसरंही दिसलं. आजूबाजूच्या बायका टाळ्या वाजवत नाहीत, तिच्याकडं बघतसुद्धा नाहीत. आई गायला लागली की मांडव गप्प व्हायचा. इथं एक बाई पोराचं नाक पुसतेय. आई कॅमेऱ्याकडं बघत नाही, समोर पाट्यावर हळद वाटणाऱ्या बाईकडं बघते. त्या बाईची फक्त पाठ दिसते. हिरवं ब्लाउज, पाठीवर उसवलेली एक टीप. ती तूच आहेस.

आई गात नाहीये. तुझ्याशी बोलतेय.

काय बोलली ते सांग. तू गाणं बनवून पाठवलंस म्हणजे ते सांगण्यासारखं नसणार एवढं कळतं. माझ्यावर नाराज होती का? करुणा पसंत नव्हती का? काही असलं तरी चालेल, पण खरं लिही. मी अडतीस वर्षांचा आहे, मला आता फसवू नको.

धम्मपाल

⁂

लासूर स्टेशन
२४ एप्रिल २०१०

धम्मा,
जयभीम.

हे पत्र एकट्यानं वाच.

ते गाणं मी टाचलं होतं, कच्च्या दोऱ्यानं. तू उसवशील असं वाटलं नाय. तुला अक्षरं कशाला शिकवली असं झालं.

त्या दिवशी मालन जे बोलली ते मला पाठ हाय, तुझी तबकडी बघायची गरज नव्हती. तरी बघितली. ती म्हणली :

"वन्सं, छातीतली गाठ लिंबाएवढी झाली. लग्न होऊन जाऊ द्या. तोवर कुणाला कळू देऊ नका, माझी शपथ हाय तुम्हाला."

आणि हसली, कारण गोकुळचा कॅमेरा अंगावर आलेला तिला तवाच दिसला.

गोकुळला शिव्या देऊ नको. त्या जागी आवाज नव्हताच. भरल्या मांडवात ती आवाज न काढता बोलली, म्हणून तर मलाच सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगायला तिला आवाज लागला असता.

तू लिहिलंस, तिला काय माहीत नव्हतं, तेवढंच धरून बसतो. ते मी वाचलं. तुझ्या हातातलं मी कसं काढून घेऊ? म्हणून कॅसेट भंगारात दे म्हणलं.

पुढचं पण ऐक, आता निघालंच हाय तर. लग्न झालं तवा मी तिला म्हणलं, आता सांग. ती म्हणली, नवी सून आत्ताच उंबऱ्याच्या आत आली. सासू आजारी पडली की लोक तिला पांढऱ्या पायाची म्हणतील, पोरीचा जन्म जाईल त्याच्यात. थोडं जुनं होऊ दे. आपण असलं मानत नाय, पण गल्लीच्या तोंडाला कोण हात लावणार? मग पावसाळा गेला. दिवाळीला म्हणली, दीपाची दहावी हाय. जानेवारीत हात वर होईना तवा तुम्हाला कळलं. डॉक्टर काय म्हणाले ते मी तुझ्या ओठांवर वाचलं. तू तुझ्या बापाला सांगत होतास, लई उशीर झाला म्हणतात.

आठ महिने, धम्मा. मी शपथ मोडली असती तर ती आज असती का नसती, मला ठाऊक नाय. रोज यंत्रावर बसून हाच विचार करते. तुझ्या घरची पायरी मी ह्यासाठी चढले नाय. करुणाच्या तोंडाकडं बघवत नाय आणि तुझ्याकडं तर नायच.

शिक्षा काय द्यायची ती दे. पण करुणाला ह्यातलं काय कळू देऊ नको. मालन त्याच्यासाठी गेली.

रत्नमाला

⁂

(पोस्टकार्ड)
लासूर स्टेशन
८ मे २०१०

चि. धम्मा,
जयभीम. २ मे झाला. माझं पत्र पोचलं का? पोस्टमनला रोज विचारते. तू नाय लिहिलंस तरी मी समजून घेईन. नुसतं पोचलं एवढं कळव.
आत्या

⁂

मुकुंदवाडी, औरंगाबाद
१६ मे २०१०

आदरणीय आत्या,
जयभीम.

पत्र पोचलं. कंपनीत माझ्या लॉकरमध्ये आहे, घरी आणलं नाही.

खोटं बोलणार नाही, मला तुझा लई राग आला. आठ दिवस मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडत होतो. शिफ्टला जाताना, येताना, जेवताना. एक बाई गप्प बसली म्हणून माझी आई गेली, असंही मनात आलं. करुणा विचारायची, काय झालं. मी म्हणायचो, पित्त झालंय. दोनदा लिहायला बसलो आणि कागद फाडला. मग माझ्या लक्षात आलं की मीही आठ दिवस गप्पच आहे, आणि तिच्यापासूनच लपवतोय.

स्मृतिदिन झाला. विहारातली माणसं आली, वंदना झाली. दीपमालानं तुझ्या दोन ओळी म्हटल्या. त्या म्हणू नको असं सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण तिच्या तोंडाकडं बघून परत मिटलं. चाल तिनं अशी लावली की पहिली ओळ नाकात आणि दुसरीला गळा मोकळा. तिला तसं कुणी सांगितलेलं नव्हतं. ती स्वतःच रडत म्हणाली, दादा, बहुतेक मला आईचा आवाज आठवतोय.

मग मी डिस्क लावली. आवाज बंद ठेवला होता, म्हटलं, सिनेमाचं गाणं नको. चोवीस मिनिटांनी आई आली. चाळीस माणसं टीव्हीकडं सरकली. मागून कुणीतरी म्हणालं, बघा, मालनबाई कशी गातेय. शेजारच्या लीलाबाईंनी डोळे पुसले. करुणा माझ्या शेजारी बसली होती. ती हळूच म्हणाली, "किती खुशीत होत्या हो आई. मी घरात येणार म्हणून."

मी म्हणालो, "हो."

दुसरं काय म्हणणार होतो, आत्या? तो एक शब्द बोलायला मला केवढा जोर लागला. तू तसले आठ महिने काढलेस, आणि वर तेरा वर्षं. तेव्हा माझा राग कुठं गेला ते कळलं नाही. गेला. दुःख आहे तिथंच आहे, ते काही हललेलं नाही. आईनं माझं लग्न सुखात बघितलं नाही, हे आता मला माहीत आहे आणि ते माहीत असून जगायचं आहे.

कॅसेट चालवून चालवून तुटली. डिस्कवर आता काही चढवता येत नाही आणि काही काढता येत नाही. आहे ते आहे.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी सगळे आईकडं बघत होते. मी तुझ्या पाठीकडं बघत होतो. आई बोलायला लागते, आणि पाट्यावरचा तुझा हात थांबतो. आईचं बोलून होतं. ती हसते. तुझा हात तसाच थांबलेला असतो. मग तू परत हळद वाटायला लागतेस, आधीपेक्षा जोरात.

पुढच्या २ मेला तू ये. डिस्क दर वर्षी लागणार, दीपमालानं सगळ्यांना सांगून टाकलंय. तेव्हा माझ्या शेजारी, ती काय बोलतेय हे ठाऊक असलेलं एक माणूस तरी बसलेलं पाहिजे. मला एकट्याला ते जमत नाही.

करुणाचा ब्लाउजपीस सोबत पाठवतोय. हिरवा आहे, तिनंच निवडला.

तुझा,
धम्मा